मिस्त्रींची झोप

मी चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि खांद्यावर घ्यायचं म्हटलं तर कोणालाही न झेपणारी. तिला समोर उभी करून, गुडघ्यांत धरून वाजवावं लागतं. नवा माणूस भेटला की मी हे समजावून सांगते आणि दर वेळी माझी ताई मागून म्हणते, "थोरल्या बहिणींबद्दल हिला भलतीच माहिती." ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. अंगाने काडी, आणि आवाज जाड नाही, धारदार आहे.

ताई एक वाचनालय चालवते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांचं छोटं सभागृह आहे आणि तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता माझा कार्यक्रम असतो. खाली दारातल्या फळ्यावर ताई स्वतःच्या हाताने खडूने लिहिते, 'चेलो. आयत्या वेळी सुचेल ते.' आठ वर्षं ती हेच लिहीत आली होती. त्यातली पहिली पाच वर्षं ते खरं होतं.

मग एका रविवारी मी अडकले. वाजवता वाजवता पुढचं काही सुचेचना. हातात गज, समोर तारा, आणि डोक्याची पाटी कोरी. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, पण मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, किंवा मला तसं वाटलं. थातुरमातुर काहीतरी वाजवून मी वेळ मारून नेली आणि घरी येताना ठरवलं की ही जोखीम पुन्हा घ्यायची नाही.

तेव्हापासून मी घरून बसवून न्यायला लागले. महिनाभर तेच ते घोटायचं आणि रविवारी डोळे मिटून असं वाजवायचं की जणू आत्ताच सुचतंय. मध्ये एकदोनदा अडखळायचं, शोधल्यासारखं करायचं, मग सापडल्यासारखं करायचं. ते अडखळणंसुद्धा मी घरी बसवत होते, यावरून माझी प्रगती ध्यानात यावी. शिवाय ताईला मी एक अट घातली होती, की मी वाजवत असताना लोकांच्या बाजूचे सगळे दिवे बंद हवेत. "अंधारात माणसाला जास्त चांगलं ऐकू येतं," असं मी तिला शास्त्र सांगितलं. खरं कारण एवढंच की मला त्यांचे चेहरे बघायचे नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताईपासून काही लपलं नव्हतं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही नावापुरती. "आज ते मंगळवारचं वाजवलंस ना?" असं एकदा बसमध्ये तिने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही आणि फळ्यावरचं वाक्यही बदललं नाही. वर्षातून बारा वेळा ते वाक्य ओलांडून मला जिना चढावा लागायचा, आणि त्याचा राग मी तिच्यावर काढायचे.

लोक हळूहळू कमी झाले. साठांचे चाळीस झाले, चाळिसांचे तेवीस. टाळ्या पडायच्या, नाही असं नाही, पण निघालेल्या पाहुण्याला 'बसा की अजून' म्हणावं तशा. शेवटी एके दिवशी मी ताईला सांगितलं, "पुढचा कार्यक्रम शेवटचा. मला कंटाळा आलाय."

कंटाळा बिंटाळा काही नव्हता. न बसवता वाजवणं आपल्याला आता येतच नाही, अशी माझी खात्री पटली होती. कधीतरी यायचं, ते गेलं. आणि जे गेलं ते आहे म्हणून फळ्यावर मिरवायची आता लाज वाटायला लागली होती.

ताईने हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. म्हणाली, "ठीक आहे. पण शेवटचं तरी खरं वाजव."

"बघू," मी म्हणाले, आणि शेवटचं म्हणून महिनाभर जोरदार काहीतरी बसवलं. सुरुवातीलाच जाड तारेवर आठ दणके होते. झोपलेला माणूस उठून बसावा असे.

त्या रविवारी मी तीन वाजता वर पोचले तर सभागृहात लाकडाचा भुसा पडलेला आणि सगळे दिवे लख्ख चालू. आमच्या सभागृहात दार वर मागे आहे आणि मंच खाली समोर. मधून लाकडी पायऱ्यांची वाट उतरते. त्यातली मधली पायरी गुरुवारी एका वाचकाच्या पायाखाली मोडली होती. आता तिथे एक सुतार गुडघ्यांवर बसून नव्या फळीचा कडेला आलेला सरस फडक्याने पुसत होता. चौकड्यांचा सदरा, कानाला पेन्सिल, डोळे तांबारलेले. फळीला दोन बाजूंनी लोखंडी क्लॅम्प आवळलेले होते.

"पाच वाजेपर्यंत हिच्यावर पाय पडता कामा नये," ताई म्हणाली. "मिस्त्री पहाटे पाचला आलेत. तुझा कार्यक्रम बुडू नये म्हणून. आत जुनी चौकटच कुजलेली निघाली, म्हणून वेळ लागला."

"मग लोक येणार कसे?"

"ओलांडून. मिस्त्री हात देतील एकेकाला. आणि दिवे चालू राहतील."

"दिवे बंद राहतील," मी म्हणाले.

"अंधारात कोणी उठलं आणि पाय पडला, तर फळीही गेली आणि पायही गेला. दिवे चालू."

मी तिच्याशी भांडून बघितलं. तिच्याशी भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही, म्हणून मग मी सुतारावर घसरले. एक पायरी ठोकायला दहा तास लागतात का, खिळे मारून मोकळं का नाही झालं, कामाची काही पद्धत असते की नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. त्यांनी ऐकून घेतलं. फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"खिळा मारला तर जुनं लाकूड फाटेल मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही वाजवा निवांत. मी इथे कडेलाच बसतो. कोणाला पाय ठेवू देत नाही."

मी मंचावर जाऊन चेलो जुळवत बसले.

चारला तेवीस माणसं आली. मिस्त्रींनी प्रत्येकाला हात देऊन पायरी ओलांडायला लावली. औषधाच्या दुकानातल्या बाई आल्या. त्यांच्या अंगात नेहमीचा तो कुरकुरणारा रेनकोट होता. सगळ्यांत शेवटी खोकलेकाका आले. हे त्यांचं आडनाव नव्हे. हे निवृत्त पोस्टमास्तर पहिल्या दिवसापासून एकही रविवार चुकवत नाहीत आणि नेमक्या नाजूक जागी खोकतात. अंधारात मला त्यांचा खोकला तेवढा ऐकू यायचा, आणि माझा गज त्यांच्या दिशेने भिरकावावा असं कैक वेळा मनात आलेलं आहे.

ताईने वरचं दार लावून घेतलं. मी गज उचलला आणि सवयीने डोळे मिटणार, एवढ्यात तिसऱ्या रांगेकडे लक्ष गेलं. पायरीलगतच्या खुर्चीवर मिस्त्री बसले होते. हात गुडघ्यांवर, मान छातीवर, आणि ढाराढूर झोपलेले. एका मिनिटापूर्वी ते लोकांना हात देत होते. बसले काय आणि गेले काय.

आठ दणके तयार होते. गज तारेवर टेकलेला होता. या माणसाने पहाटे पाचपासून माझ्यासाठी गुडघे झिजवले होते आणि त्याबद्दल माझ्याकडून बोलणी खाल्ली होती. त्याला आता दणका मारून उठवायचं? माझा हात काही केल्या चालेना. तेवीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे बघत होते. मग मी जाड तार सोडली आणि मधल्या तारेवर एक सूर अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतका, ओढला.

का, ते मला माहीत नव्हतं. पुढे काय, तेही नाही. महिनाभर घोटलेल्यातलं काहीच त्या सुराला जोडता येण्यासारखं नव्हतं. तो संपत आला म्हणून दुसरा घेतला, तोही तसाच हळू. लोकांनी माझी नजर कुठे आहे ते बघितलं आणि एकेक मान तिकडे वळली. सगळ्यांना मिस्त्री दिसले. रेनकोटवाल्या बाई मागे टेकणार होत्या, त्या मध्येच थांबल्या, कारण टेकलं असतं तर रेनकोट कुरकुरला असता.

मी तिसरा सूर घेतला आणि खोकलेकाकांचा चेहरा बदलला. आजवर मी त्यांचा खोकला ऐकला होता, येताना कधी नीट बघितला नव्हता. आधी भुवया वर जातात. मग गाल फुगतात. मग डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस आजूबाजूला असा बघतो की कोणीतरी वाचवा. बाहेर जायचं तर पायरी ओलांडायला हवी आणि पायरीचा राखणदार झोपलेला. काकांनी रुमाल तोंडावर दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मला विचारत होते ते. मी आठ वर्षांत त्यांच्याकडून कशाचीही इतकी स्पष्ट विचारणा ऐकली नव्हती.

मी जाड तारेवर उतरले. दणका न देता खालून उचलत, भरत, फुगवत एक लांब सूर वर नेला. सभागृह भरून जाईल एवढा मोठा, पण कुठेही धक्का नसलेला. त्याच्या ऐन भरात काका खोकले. पोटभर खोकले. मला एकटीला दिसलं, ऐकू कोणालाच गेलं नाही. मिस्त्रींनी मान डावीकडची उजवीकडे केली आणि झोप पुढे चालू ठेवली.

काकांनी रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. इतका कृतज्ञ चेहरा मी माझ्या कुठल्याही कार्यक्रमात बघितलेला नाही. मला हसू फुटलं आणि ते सरळ तारेवर उतरलं. एक छोटी, उड्या मारणारी ओळ आली. ती कुठून आली हे विचारायला मला सवड नव्हती, कारण पलीकडे चौथ्या रांगेत कोणाचा तरी पाय अवघडला होता.

मग आमचं जमलं. ते कसं जमलं हे मी पुष्कळदा सांगून बघितलंय, पण नीट सांगता येत नाही. मी हळू वाजवत राहायचे, तोवर तेवीस माणसं दगडासारखी बसायची. त्यांच्यात अवघडलेपण साठत जायचं आणि मला ते दिसायचं, एखादा खांदा, एखादी टाच, नाकाशी गेलेला हात. पुरेसं साठलं की मी तो मोठा सूर उचलायचे, आणि त्याच्या आडोशाला सगळं सभागृह हलून घ्यायचं. पाय पसरायचं, शिंकायचं, रेनकोटसकट मागे टेकायचं. सूर उतरला की पुन्हा सगळे गप्प. दोनदा तर सूर पुरेसा वर जायच्या आधीच मला थांबावं लागलं, कारण मिस्त्रींच्या पापण्या थरथरल्या. तेव्हा सगळ्यांनीच श्वास रोखले. मी एका तारेवर नुसती घुटमळत राहिले, एकच सूर, त्याच्या शेजारचा, पुन्हा तोच, पापण्या शांत होईपर्यंत.

दर वेळचा मोठा सूर वेगळा निघत होता. कधी तो रडवेला होता, कधी चक्क वात्रट. मी काही ठरवत नव्हते. चेहऱ्यांवर जे चाललं होतं तेच माझ्या हातात येत होतं, आणि मी जे वाजवत होते ते पुन्हा चेहऱ्यांवर दिसत होतं. मला चार वर्षांपूर्वीचं, आठ वर्षांपूर्वीचं, सगळं आठवलं. हे येतं मला, असं मी मनात म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं. मला एकटीला हे कधीच येत नव्हतं. समोर माणसं असली, दिसली, तरच यायचं. आणि मी दिवे बंद करायला लावले होते.

मध्ये एकदा वर बघितलं तर ताई दाराला पाठ लावून उभी होती. भिंतीपलीकडून माझं सगळं ऐकून असलेली बाई, तिला यातलं काहीही आधी ऐकलेलं वाटत नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला होता.

पाच वाजून गेले. सरस वाळला असणार, पण ते कोणाच्या मनात नव्हतं. आता संपवायला हवं असं मला वाटलं आणि शेवट काही सापडेना. मग मी शोधायचं सोडलं. सूर अजून हळू केला, मग त्याहून हळू. पुढच्या रांगेतली माणसं ऐकायला थोडी पुढे झुकली. शेवटी गज तारेवरून फिरत होता पण आवाज येतोय की नाही हे मलाही कळत नव्हतं. मी गज उचलला.

औषधवाल्या बाईंनी टाळीसाठी हात वर नेले, मिस्त्रींकडे बघितलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले. कोणीच टाळी वाजवली नाही. तेवीस माणसं हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसली आणि मी त्यांच्याकडे. कोणाला घाई नव्हती. टाळ्यांसाठी मी इतकी वर्षं जीव टाकला, पण त्या न वाजवता माणसं इतकं काही देऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. समोरच्या काही जणांचेही.

शेवटी त्या शांततेनेच मिस्त्री जागे झाले. चक्कीत झोपलेला माणूस चक्की थांबली की उठतो, तसे. त्यांनी सगळ्यांत आधी पायरीकडे बघितलं.

"कोणी पाय नाही ना ठेवला?"

"नाही मिस्त्री," ताई वरून म्हणाली. "कोणी हललंसुद्धा नाही."

मिस्त्रींनी सभागृहभर नजर फिरवली. सगळे आपल्याकडेच बघतायत हे पाहून ते ओशाळले आणि मला म्हणाले, "माझ्यामुळे खोळंबलात का मॅडम? करा की सुरू."

तेव्हा मात्र सभागृह फुटलं. लोक हसत होते आणि टाळ्या वाजवत होते, खोकलेकाका हसता हसता खोकत होते आणि कोणीही त्यांना अडवत नव्हतं. औषधवाल्या बाई मिस्त्रींचा हात धरून काहीतरी समजावून सांगत होत्या. "म्हणजे मी झोपलो, ते वाजवलंत?" मिस्त्रींनी मला विचारलं. मी हो म्हणाले. दुपारच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. "ते जाऊ द्या हो," ते म्हणाले, "झोप फार चांगली लागली." मला आजवर कोणी याहून चांगला शेरा दिलेला नाही.

गोंधळ थोडा शमल्यावर मी उभी राहिले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "फळ्यावर लिहिलेलं असतं की आयत्या वेळी सुचेल ते. गेली तीन वर्षं ते खोटं होतं. मी घरून बसवून आणत होते. एकूण एक. आज तसं नव्हतं. पण आजवर तुम्हाला फसवलं, हे खरं."

कोणी चकित होईना. औषधवाल्या बाईंनी रेनकोटची बटणं लावायला घेतली. ताई छताकडे बघत होती.

"ते माहीत आहे," खोकलेकाका म्हणाले.

"कोणाला माहीत आहे?"

त्यांनी मागे वळून बघितलं. बऱ्याच माना हलल्या. "अहो, फेब्रुवारीत वाजवलेलं तुम्ही जूनमध्ये शेपटाकडून वाजवलंत," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं पत्रांवरची अक्षरं ओळखत आलोय. तेवढं कळतं."

माझं पितळ तीन वर्षांपूर्वीच उघडं पडलं होतं आणि मला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं. मला लाज वाटायला हवी होती. पण मला एकच गोष्ट कळत नव्हती आणि ती मी विचारली. "मग येत कशाला होतात? दर महिन्याला? इतके जिने चढून?"

काका विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कोणी केला नसावा.

"एखाद्या रविवारी तुम्ही काही न घेता याल, असं वाटायचं," ते म्हणाले. "त्या दिवशी नेमके आपण घरी असायला नको."

बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या, त्यात विशेष काही नसल्यासारख्या. छत्तीस रविवार ही माणसं अंधारात माझी वाट बघत बसली होती, आणि मी समजत होते की मी त्यांच्यापासून लपले आहे.

मिस्त्रींनी क्लॅम्प सोडवले, फळीवर स्वतः उभे राहून बघितलं आणि लोकांना 'या' म्हणून सांगितलं. मी पायरीच्या वरच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानले, तेवीसच्या तेवीस जणांचे, आणि चोविसावे मिस्त्रींचे. पुढच्या महिन्यात या, असं मी प्रत्येकाला सांगितलं. काय वाजवणार आहात, असं औषधवाल्या बाईंनी जाता जाता विचारलं, आणि मला ते माहीत नव्हतं.